मेताक्सिया मावशीची गावाला जायची तयारी

माझी मेताक्सिया मावशी पिरेअसच्या बंदरामागे राहायची आणि खलाशांच्या विजारी शिवायची. दर वसंतात ती आमच्या गावाला, मानीच्या डोंगरकिनाऱ्यावर, जायची तयारी करायची. पिशवीत कडक पाव, ऑलिव्ह, दिव्याच्या वाती. मग ऐन वेळी म्हणायची, "वारा दक्षिणेचा आहे. पुढच्या वर्षी बघू."

"मावशी, आपण मोटारीने जाणार, होडीने नाही."

"तू गप रे, शहाण्या."

खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. तिचा भाऊ, माझा पानागोस मामा, ऐन तारुण्यात तेनारोच्या टोकापाशी होडीसकट बुडाला. प्रेत मिळालं नाही. आमच्याकडे मेलेल्यासाठी घरच्या बाईने विलाप गायचा असतो. एकदा गायला, की माणूस गेला. जिवंताचा विलाप तर वैरीसुद्धा गात नाही. माझी आई आधीच वारली होती, घरात गायला उरली ती मावशी. ती गायलीच नाही. गावातलं आमचं घर म्हणजे दगडी बुरूजच; त्याला कुलूप लावून ती पिरेअसला निघून आली. परत गेली असती तर गावाने तिला गायला बसवलं असतं. डोक्याला सुतकाचा काळा रुमालही नाही, निळा. शेजारच्या बायका तोंडावर टोमणे मारायच्या. ती म्हणायची, "तुम्ही पाहिलंत का त्याला मेलेलं? मग शिवू द्या मला."

हट्टी बाई. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

त्या वर्षी मात्र वारा पडला होता आणि पिशवी दारापर्यंत आली. बुरूज झाडून ठेव, एवढंच सांगायला मावशीने दुपारी गावात फोन लावला. कीरिआकुला तिची चुलत बहीण, एरवी तोंडाची फटकळ. पण त्या दिवशी तिचा आवाज दबलेला होता.

"कोण मेताक्सिया?" तिने विचारलं.

"किती मेताक्सिया आहेत गं तुला?"

"अगं, आम्ही तुझ्या नावाने मेलेल्यासाठीचे गहू शिजवलेत. कालपासून तुमच्या बुरुजातून विलाप ऐकू येतोय, तुझं नाव घेऊन. आम्हाला वाटलं, तू गेलीस."

"कोण गातंय? किल्ली माझ्याकडे आहे."

"तेच तर. पुरुषाचा आवाज आहे."

मी फोनला कान लावून उभा होतो. आमच्याकडे पुरुष विलाप गात नाहीत. घरात बाईच उरली नसेल, तर गोष्ट वेगळी.

कीरिआकुला हळूच म्हणाली, "म्हणतोय, बहिणीची वाट बघून थकलो, ती मेलीच असणार. आवाज अगदी तरुण आहे गं."

मावशीने फोन ठेवला. डोक्याचा निळा रुमाल सोडून त्याची घडी केली आणि पिशवीच्या तळातून काळा काढला. तो इतकी वर्षं तिथे होता, हे मला तेव्हा कळलं.

"मावशी, नको जाऊया," मी म्हणालो. मला खरंच भीती वाटत होती.

रुमालाची गाठ मारत ती म्हणाली, "गाडी काढ. आमच्यातलं कोण मेलंय, हे त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही."