ह्यांचं अर्धवट लाटणं

मैत्रिणींनो, मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

हे गेल्यापासून त्यांचं लाकूड कातायचं लेथ मशीन प्रताप नगरच्या घरात मागच्या खोलीत चादरीखाली पडून होतं. त्यावर ते माझ्यासाठी लाटणं करत होते. इथल्या, उत्तरेकडच्या, मुठीच्या बेलनावर माझा हात बसत नाही, पुरणपोळी फाटते. म्हणून आपल्याकडचं, दोन्ही टोकांना निमुळतं. ते अर्धंच राहिलं.

आपणच ते पूर्ण करायचं म्हणून मी मालवीय नगरला लेथचा क्लास लावला. आधी कितीतरी तुकडे बिघडवले. आज हात जरा स्थिर वाटला, तेव्हा पिशवीतून लाटणं काढलं.

दोन्ही टोकं जमली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आंटीजी, बहुत बढ़िया! अब बस घिसाई कर दीजिए।" मी फिरत्या लाकडाला पॉलिश पेपर लावला. लाटणं गुळगुळीत झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मशीन थांबलं आणि माझ्या लक्षात आलं. कुठवर कातायचं म्हणून ह्यांनी मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा गेल्या होत्या. त्यांच्या हत्याराच्या खाचाही गेल्या होत्या. मी रोज त्या खाचांवरून बोट फिरवायचे. खाली वाकले, तर भुसासुद्धा क्लासच्या सफाईवाल्या भैयांनी झाडून नेला होता.

आता लाटणं समोर ठेवून बसलेय. अगदी छान झालंय हो, तेच सोसत नाहीये.

तुमच्याकडे आहे का असं कुणाचं काही अर्धवट राहिलेलं? पूर्ण केलंत, की तसंच जपलंत?