व्याह्यांचा धुराचा ड्रम

पेणपासून रोह्यापर्यंत आयुष्यात माणसं पुष्कळ बघितली, पण चांगली चाललेली वस्तू खोलून पुन्हा जोडल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही असा माणूस एकच, आमच्या धाकटीचे सासरे. धाटावच्या एका कंपनीत जन्मभर फिटर होते. माणूस रिटायर झाला, हात काही झाले नाहीत. घरचा मिक्सर, पंखा, देवघरातली घंटा, सगळं त्यांनी सुधारलं. घंटा तेव्हापासून वाजत नाही. आमच्याकडे कासूला आले की चहा येईपर्यंत दाराच्या बिजागऱ्या हलवून बघतात. लग्नात भटजी मंगलाष्टकं थांबवून नवऱ्याच्या बापाला शोधत होते, आणि हे माइकवाल्याशेजारी उकिडवे बसून दाताने वायर सोलत होते.

गेल्या थंडीत त्यांनी आमची पोपटी खाल्ली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कोंबडी, अंडी, वरून पुन्हा पाला ठासून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवतीनं जाळ. माझ्या बापाने अशीच लावली, मीही अशीच लावतो, आणि आमच्या आळीत माझ्यासारखी कोणाला लागत नाही. व्याह्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "व्याही, चव झकास हाय, पण डिझाइन चुकलंय. भांडं उलटं कशाला?"

"मग तुम्ही सुलटं करून दाखवा," मी म्हणालो. एवढंच निमित्त झालं.

रोह्याच्या परसात त्यांनी लोखंडी ड्रम उभा केला. पोटाला दार, आत जाळी, वर टांगायला आकडे, डोक्यावर नळाच्या पाइपाचं धुरांडं, खाली स्कूटरचा स्टँड. जाळ शेजारच्या डब्यात आणि ड्रमात नुसता तापलेला धूर, म्हणजे कोंबडी धुरावरच शिजणार. दर रविवारी नवी सुधारणा. धुरांडं आधी लांब झालं, मग आखूड, मग वाकडं. धूर मात्र ते सोडून बाकी सगळीकडून बाहेर यायचा. शिफ्टवरून परतणारी माणसं दुचाकी थांबवून विचारायची, "काका, आज तुमचा प्लांट चालू काय?" विहीणबाईंनी कपडे वाळत घालायला शेजारची गच्ची धरली. मला दर वेळी बोलावणं असायचं. मी जायचो, खायचो आणि सांगायचो, "नाय जमलं." शेजारीपाजारी वाहवा करायचे, पण ती त्यांच्या कानात शिरतच नसे. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, एकदा तरी चांगलं म्हणा ना. त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय." पण जिभेला पटल्याशिवाय मी बोलणारा नव्हे. इतकी वर्षं नाही बोललो, आता जावयाच्या बापासाठी बोलू?

यंदा माघात वाल भरले आणि व्याही ड्रमासकट टेम्पोतून आमच्या दारात उतरले. सारी आळी जमली. मी उन्हं उतरायच्या आत माझं मडकं लावलं. त्यांनी जाळीवर शेंगा पसरल्या, आकड्यांना कोंबड्या टांगल्या, भांबुर्डा शेंगांत घालायचा तो जाळात घातला आणि वाफ सुटू नये म्हणून दाराचे नट कचकचून आवळले. अख्खी आळी डोळे पुसायला लागली.

घरच्यांनी, म्हणजे बायकोने, माझ्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. पोपटी तयार. ड्रमचं दार मात्र उघडेना. नट तापून बसले होते आणि हातातला पाना फिरता फिरता मोडला. दुसरा रोह्याला.

"एकच आणलात?" मी विचारलं.

"व्याही, हा कंपनीतला पाना. जन्मात मोडला नव्हता ओ!"

"कोंबडी कडी लावून आत बसली," कोणीतरी म्हणालं. "आता समजूत काढा तिची."

हायवेवरच्या गॅरेजातून पाना येईपर्यंत माझं मडकं रिकामं झालं होतं. दार उघडलं. शेंगांचा कोळसा. व्याह्यांनी तो हातात घेऊन चुरून बघितला. मग वर बघितलं तर कोंबड्या फणसाच्या लाकडासारख्या तांबूस, आणि त्यांतून मध गळावा तशी चरबी गळत होती. दार अडलं म्हणूनच धूर पोटभर मिळाला होता.

पहिला तुकडा माझ्या पत्रावळीवर आला. मी चावत होतो आणि व्याही स्वतः काही न खाता माझ्या जबड्याकडे बघत उभे होते. 

"बोला की ओ," घरच्या म्हणाल्या. "माणूस उभा हाय."

मी घास गिळला. "शेंगा जळल्या," म्हणालो. व्याह्यांची मान खाली गेली. मग मी पत्रावळ पुढे केली. "तंगडी हाय काय अजून?"

आळीत जो हशा उठला तो कासू स्टेशनात ऐकू गेला असेल. व्याह्यांनी तंगडी शोधून माझ्या पानावर ठेवली, एक सोडून दोन. त्यांच्या वाट्याला मान तेवढी उरली. काळ्या झालेल्या तोंडाने ती चोखत, अंधार पडेस्तोवर ते माझ्याशेजारी नवरदेवासारखे हसत बसले होते. आमच्या वयात माणूस असा हसताना फार वेळा बघायला मिळत नाही. मी हळूहळू खात राहिलो.