आत्याची जागा

केबिन रोडवर भाजीवाल्याने अळंबीचा डबा उघडला आणि त्या ओलसर वासासरशी मला तारोडीची आत्या आठवली. दोन हजार सालानंतरचा कुठलातरी श्रावण होता. गावामागच्या उतारावर करवंदीच्या जाळीत एक वारूळ होतं आणि त्याच्याभोवती वर्षातून एकदाच पांढऱ्या छत्र्या उगवायच्या. ती जागा आत्याला तिच्या सासूने दाखवलेली. बाहेर कुणाला सांगायची नाही, ही घरची रीत. त्या वर्षी ती मला पहिल्यांदाच घेऊन गेली, तर वारूळच नव्हतं. बुलडोझरने सपाट केलेली लाल माती आणि तिच्यावर आखलेली चुन्याची रेघ. आत्या उकिडवी बसून बोटांनी माती उकरत राहिली. घरी तिचा कॉलेजातला मुलगा ओट्यावर ‘गिधाडं वाचवा’चं पोस्टर रंगवत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “आधी सांगायचं ना, आई. गिधाडं कमी झाली ते लोकांना दिसलं, म्हणून कोणी बोलतंय तरी. तुझी अळंबी कोणी बघितलीच नाय.” आत्याने रिकामी टोपली खुंटीला अडकवली. “दाखवली असती तं लोकांनी खाऊन संपवली असती,” ती म्हणाली. “गिधाड कोन खातंय?” तो पुन्हा पोस्टर रंगवायला लागला. निघताना तिने दुसऱ्या वारुळाची जागा माझ्या कानात सांगितली. आज आत्या नाही, गिधाडंही दिसत नाहीत. त्या दुसऱ्या जागेवर एका बिल्डिंगचं पार्किंग आहे, आणि मी ती अजून कुणाला सांगितलेली नाही.