ताईचा डावा डोळा

आमची ताई जन्मभर रफू करत आली आणि जन्मभर धाकटीवर जळत आली. दोन्ही कामं तिने सारख्याच निष्ठेने केली. मी मधली. माझे डोळे शाबूत, म्हणून म्हातारपणी या दोघींना दवाखान्यात नेण्या-आणण्याची हमाली माझ्या गळ्यात पडली.

ताईचं काम ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत. खिडकीला चिकटून टेबल, त्यावर दिवा आणि दिव्याखाली कुणाच्या तरी कोटाचं भोक. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोकावर असा विणायचा, की मालकालाही जागा सापडू नये. धाकटीने आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही. पण आईचे लाड तिला, हौशी नवरा तिला, आणि दात अजूनही तिचे स्वतःचे. “तिला सगळं आयतं मिळतं गं,” हे ताईचं पालुपद.

मग दोघींना एकच दुखणं झालं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. माणसाचे कान दिसतात, तोंड नाही. ताईला त्यातही अन्याय दिसला. “रोग तरी माझा एकटीचा असू द्यायचा!”

दुकानमालक तिला हल्ली फक्त बटणं लावायला देत होता. तिला रफू परत हवं होतं, बाकी जगात काही बघायची तिला हौस नव्हती. म्हणून मोठ्या रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालू आहे असं कळल्यावर मी दोघींना घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई शांतपणे समजावून सांगत होत्या. “स्टेम सेल म्हणजे, पुढे कोण व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी.”

“हिच्या मुलासारखी,” ताई म्हणाली. “तो चाळिशीचा झाला.”

“ताई, तुझं काय अडतं गं त्याच्यावाचून?” धाकटी म्हणाली.

“त्या पेशींपासून प्रयोगशाळेत पडद्यामागचा थर वाढवतात,” बाई पुढे म्हणाल्या, “आणि त्याचं तिळाएवढं ठिगळ डोळ्यात मागच्या बाजूला बसवतात.”

“ठिगळ?” ताईचा चेहरा पडला. “रफू नाही का होत?”

“नाही हो. आणि एकाच डोळ्याला, जो जास्त गेलाय त्याला. तो पुरेसा गेलेला हवा, तरच घेता येतं. गुण येईलच असंही नाही.”

मग दोघींच्या डोळ्यांचे स्कॅन, आणि वाचनाची तपासणी. आधी धाकटी खुर्चीत बसली. उजव्या डोळ्याने तिने बऱ्याच ओळी घडाघड वाचल्या. डाव्याने सगळ्यात वरचं मोठं अक्षर, आणि थांबली. “पुढचं नाही दिसत हो,” म्हणाली, अगदी सहज, चहात साखर नको म्हणावं तशी.

ताई भिंतीशी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, डुलकी लागली. तिची पाळी आली. उजव्याने तिने जेमतेम दोन ओळी वाचल्या. डाव्याने मात्र, धाकटीने चांगल्या डोळ्याने वाचलेल्या सगळ्या ओळी, त्याच क्रमाने, त्याच चालीत. सकाळी हीच बाई माझ्या चपला घालून निघाली होती!

धाकटीला घेतलं. ताईला सांगितलं, “तुमचा उजवा डोळा पुरेसा गेलेला नाही, आणि डावा तर अजून बराच बरा आहे.”

जिन्यात मी तिला गाठलं. “तू ऐकून पाठ केलंस.”

“मला दिसलं.”

“ताई!”

“मग काय, हिच्यासमोर आंधळी म्हणवून घेऊ?”

रुग्णालयातून तिला पुन्हा तपासणीला बोलावणं आलं. गेली नाही. बटणं लावत बसली.

काही महिन्यांनी धाकटी ताईच्या खोलीवर आली. चमत्कार वगैरे काही झाला नव्हता. ठिगळाच्या डोळ्याने पेपर वाचता येत नव्हता, पण माणसांची तोंडं थोडी परत आली होती. मी कोट काढून खुर्चीवर टाकला. त्याची बाही ताईने कौतुकाने रफू करून दिली होती आणि मी मुकाट्याने घालत होते. धाकटीने ती उचलली, चांगला डोळा हाताने झाकला आणि ठिगळाच्या डोळ्याने पाहिली.

“अगं ताई, हे काय? भोकाच्या शेजारी विणलंयस. भोक तसंच आहे!”

ताईने बाही ओढून घेतली. बोटाने चाचपली. एकदा, परत एकदा. बोट भोकातून आरपार गेलं.

धाकटी गेल्यावर ती फुटली. “हिला दिसलं! जिला काज कुठलं आणि टाका कुठला ते कळत नाही, तिला! आणि मला नाही!” मग म्हणाली, “उद्या चल दवाखान्यात.”

धाकटीही आली. न सांगता, न विचारता, तिच्या सवयीप्रमाणे.

“मागच्या वेळी मी पाठ केलेलं म्हटलं होतं,” ताईने डॉक्टरीणबाईंना खोलीत शिरताच सांगून टाकलं.

“स्कॅनशी वाचन जुळेना, म्हणून तर परत बोलावलं होतं. नशीब, दुसरी तुकडी घेतोय. बसा.”

उजवा डोळा झाकला. “वरचं अक्षर सांगा.”

मागे धाकटीच्या बांगड्या वाजल्या. पुढचे तीन शब्द ताईला सुईने टोचून काढावे लागत असावेत.

“मला नाही दिसत.”

“काहीच नाही?”

“तक्ता तिकडे आहे, एवढं कळतंय.” मग जरा थांबून, “मागच्या वेळी हिला किती दिसलं होतं?”

“दुसऱ्यांचं सांगता येत नाही हो.”

“एक अक्षर,” धाकटी मागून म्हणाली.

“मग लिहा. मला एकही नाही. हिच्यापेक्षा कमी.”

बाईंनी हसू दाबत लिहिलं. स्कॅन पुन्हा झाला, बाकी तपासण्या झाल्या, आणि तिचं नाव दुसऱ्या तुकडीत घातलं. उठायला मी हात दिला, तो तिने झटकला.

“आणि काय हो डॉक्टरीणबाई, ठिगळ हिला लावलंत तेवढंच लावणार, की मला जरा मोठं?”