टिकलीखालचे बटण

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टंकलेखन यंत्र मांडून आम्ही काही मंडळी बसतो. त्यांत ज्याचा मसुदा वाचताना कारकून पेन खाली ठेवून ताठ बसतो असा अर्जनवीस एकच आहे, आणि सत्याला धरून लिहायचे तर तो मीच. माझे शालेय शिक्षण नववीच्या उंबरठ्यावर थांबले. तथापि ‘उपरोक्त’, ‘तदनंतर’ आणि ‘सबब’ या तीन शब्दांच्या बळावर मी जी कामे करून दिली, ती भल्या भल्या पदवीधरांच्या हातून झाली नसती. हे एवढ्यासाठी नमूद करतो की, माझ्या पत्नीने पदवीचा अभ्यास करण्याचे ठरवले तेव्हा तिच्या तयारीची सूत्रे माझ्या हाती येणे किती स्वाभाविक होते ते वाचकांच्या ध्यानी यावे.

पत्नी खाडीकाठच्या आगरी घरातली, मिठागरांवर वाढलेली. बारावी होऊन माझ्या घरी आली. म्हणजे आमच्या संसारात शिक्षणाने ती वरिष्ठ आणि लेखनाने मी. कामोठ्याला आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघरातून ती जेवणाचे डबे देते. कॉलेजात शिकणाऱ्या मुली, एकटे राहणारे नोकरदार, असे तिचे गिऱ्हाईक. एके दुपारी डबे रवाना झाल्यावर ती पदराला हात पुसत म्हणाली, “मना बी. कॉम. कराचं हाय.”

आमची कन्या तेव्हा कॉलेजात होती आणि तिच्याजवळ लॅपटॉप होता. तिने शोधून काढले ते असे. एक खाजगी महाविद्यालय काम करणाऱ्या लोकांसाठी नवीन पनवेलला रविवारी वर्ग भरवत असे. प्रवेशापूर्वी गणिताची एक ऑनलाइन चाचणी घरबसल्या द्यायची. तीत कोणी नापास होत नसे; चाचणीवरून फक्त वर्ग ठरे. गणित पुरेसे येत असेल तर थेट नवीन पनवेलचा रविवारचा वर्ग. येत नसेल तर आधी एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग, आणि तो भरे ठाण्याला, रोज दुपारी.

रोज दुपारी म्हणजे ऐन डब्यांच्या वेळेला.

“ठाण्याला टाकलं तर मी नाय जानार,” पत्नीने तिथल्या तिथे निकाल दिला. “डबे बंद करून कोन काय खाल? परत हा विषय काढाचा नाय.” ती हसत बोलली, परंतु ‘परत’ या शब्दावर तिचा आवाज किंचित खाली गेला. माणसांच्या कैफियती ऐकण्यात माझे आयुष्य गेले आहे. आवाज कुठे खाली जातो ते मला कळते. चाचणी वर्षातून एकदाच देता येत असे. मी टोपी खुंटीला लावली आणि जाहीर केले, “हे प्रकरण मी स्वतः चालवीन.”

“आई, वाचलीस गं तू,” कन्या म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून हसत सुटली.

त्या संकेतस्थळावर मराठी निवडण्याची सोय होती, आणि ती मराठी पाहून मला भरून आले. ‘खालीलपैकी उचित पर्याय निर्देशित करावा.’ ही तर साक्षात माझी भाषा! पत्नी आणि कन्या दोघी त्या वाक्याकडे बोबड्या मुलाकडे पाहावे तशा पाहत होत्या. मी आरामखुर्ची ओढून त्यांना अर्थ सांगू लागलो. त्या दिवसापासून दुपारचे जेवण घरी येऊन घेण्याचा आणि तासभर शिकवणी घेण्याचा माझा परिपाठ सुरू झाला. शिकवणी या शब्दाला कन्येचा आक्षेप होता. गणित तीच समजावत असे. मी त्याला रूप देत असे.

पहिला अडथळा वजाचा आला. वजाने वजाला गुणले तर अधिक का व्हावे हे कन्येने संख्यारेषा काढून सांगितले. पत्नी म्हणाली, “दोन वाइटं एकत्र आली तर चांगलं कसं होल? आमच्या गावात दोन भांडकुदल जावा एका घरात आल्या, तर काय शांतता झाली?”

येथे मी हात वर केला. “समज, तलाठ्याने अर्ज नामंजूर केला. आपण अपील केले. वरच्या साहेबांनी ती नामंजुरीच नामंजूर केली. अर्जाचे काय झाले?”

“मंजूर झाला,” पत्नी म्हणाली आणि थबकली. मग तिने पोळपाटावर लाटणे आपटले. “अवं! नामंजुरीची नामंजुरी!” तेथून तिला वजाचे इतके वेड लागले की भाजीवाल्याने ‘कोथिंबीर नाही असे नाही’ म्हटल्यावर ती आनंदाने ओरडली, “म्हंजे अधिक!” त्या भल्या माणसाने घाबरून जुडी फुकट दिली.

‘क्ष’ बाबतही माझाच दृष्टांत उपयोगी पडला. मी मसुदा करताना अर्जदाराच्या नावाची जागा टिंबे टाकून मोकळी सोडतो, बाकीचा मजकूर पुरा करतो, आणि त्या मजकुरावरूनच मोकळ्या जागेत कोण बसणार ते ठरते. ‘क्ष’ म्हणजे ती टिंबे. शाब्दिक उदाहरणांसाठी मी तिला माझी खरी विद्या दिली: आधी शेवटची ओळ वाचावी. अर्जदार पणजोबापासून सुरुवात करतो, गाईचे सांगतो, बांधाचे सांगतो. मागणी असते ती शेवटी. उदाहरण रचणाराही तसाच वाटेल ते बोलत येतो. मागणी कळली की निम्मा मजकूर गळून पडतो. ही युक्ती कन्येनेही आपल्या वहीत उतरवून घेतली. ती माझ्या देखत उतरवत नव्हती, पण मी पाहिले.

तरी एका उदाहरणाने घात केला. एक नळ टाकी भरतो, दुसरा त्याच वेळी रिकामी करतो, तर टाकी केव्हा भरेल? कामोठ्यात पाण्याच्या वेळा पाळून आयुष्य काढलेल्या बाईला हे सहन होणे शक्य नव्हते.

“दुसरा नळ आधी बंद कर मेल्या!” ती पडद्यावर ओरडली. “पानी सोडून बसलाय! अवं, तुमी जगाचे अर्ज लिवता, याच्यावर नाय लिवत?”

मी लिहिला. डाव्या हाताला ताटातली आमटी, उजव्या हातात पेन, आणि मी मोठ्याने मसुदा सांगत लिहीत होतो: “माननीय टाकीमालक यांचे सेवेशी. विषय, दुसरा नळ विनाकारण सुरू ठेवल्याबाबत. महोदय, आपण हेतुपुरस्सर...” ‘हेतुपुरस्सर’वर कन्या खुर्चीवरून घसरली. पत्नीचे डोळे पाण्याने भरले, आणि आमटी माझ्या सदऱ्यावर सांडली. त्या अर्जावर आम्ही तिघांनी सह्या केल्या. तो फ्रिजवर कित्येक दिवस लावलेला होता, आणि डबा घ्यायला येणाऱ्या मुली तो वाचून हसत.

आता त्या बटणाकडे येतो.

प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराच्या चौकटीशेजारी एक करड्या रंगाचे बटण असे: ‘मला हे अद्याप माहीत नाही.’ ते प्रथम पाहिले तेव्हा मला घाम फुटला. मी इतक्या वर्षांत कोणत्याही पक्षकाराला कागदावर ‘माहीत नाही’ लिहू दिलेले नाही. जमिनीची हद्द माहीत नाही म्हटले की हद्द गेली. जन्मसाल माहीत नाही म्हटले की वारसा अडकला. नोटिशीला उत्तर दिले नाही तर ती मान्य धरतात, आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर तर त्याहून वाईट, कारण त्यावर स्वतःची सही असते. मी पत्नीला निक्षून सांगितले, “प्राण गेला तरी हे बटण दाबायचे नाही. काहीतरी लिही. सुचेल ते लिही.”

आणि तिचा हात चुकून तिकडे जाऊ नये म्हणून तिच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मोठी, लाल टिकली काढून मी ती पडद्यावर बरोबर त्या बटणावर चिकटवली.

“बाबा, माझा लॅपटॉप!” कन्या किंचाळली.

“देवीचं बटन केलंत तुमी त्याचं,” पत्नी म्हणाली. “आता ओवालू?”

सरावाची चाचणी हवी तितक्या वेळा देता येत असे. टिकली लावून पहिली दिली. सुरुवातीला काही उत्तरे येत होती ती तिने दिली. जी येत नव्हती ती माझ्या आज्ञेप्रमाणे ठोकून दिली. त्यांतली दोनतीन नेमकी बरोबर निघाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तोच पुढे असे काही प्रश्न येऊ लागले की त्यांत आकड्यांपेक्षा अक्षरे जास्त. एक चिन्ह तर फणा काढलेल्या नागासारखे होते. “बघ, मोठे प्रश्न येऊ लागले, आपला दर्जा वाढला,” मी म्हणालो. शेवटी निकाल आला: पूर्वतयारी वर्ग, ठाणे.

दुसऱ्यांदा दिली. ठाणे.

टाळ्या थांबल्या. पत्नी उठून कणीक मळायला गेली. कन्येने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “बाबा, हे यंत्र आहे, तहसीलदार नाही. ठोकलेलं बरोबर निघालं की त्याला वाटतं आईला ते येतं. मग ते आणखी वरचं विचारतं, तिथे आई आपटते, आणि ते गोंधळून तिला खाली आणून टाकतं. नाही येत ते नाही म्हणायचं, म्हणजे जे येतं त्याच्याबद्दल ते पुन्हा विचारतं. बटण त्यासाठीच आहे.”

“कागदावर ‘माहीत नाही’ लिहून कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही,” मी म्हणालो.

“मग अंदाजाने भलं होतं का?”

“तुझी आई सगळा स्वयंपाक अंदाजाने करते. वजनकाटा कुठे आहे या घरात?”

ओट्याकडून कणकेचा थपका आला, तोही जोरात. “कोन बोललं अंदाजानं?” पत्नी वळली. तिच्या दोन्ही हातांना कणीक होती. “मीठ माज्या हाताला कलतं म्हनून मी टाकतंय. माजा बाप मिठागरावर होता. नाय कललं तर मी चाखतंय. त्याला अंदाज नाय बोलत. तुमी मना जे कराला सांगता ना, ते डोले मिटून मीठ टाकनं हाय.”

मी विषय तहकूब केला. टिकली मात्र काढली नाही. कोणी काढलीही नाही.

चाचणीच्या दिवशी नियम असा होता की खोलीत परीक्षार्थीशिवाय कोणी असू नये; पडद्यावरचा कॅमेरा पाहत असतो. पत्नीने डबे लवकर पाठवले, नवे पातळ नेसली, देवाला दिवा लावला आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. कन्या आणि मी बाहेरच्या पायरीवर बसलो. माझ्या हातात छत्री का होती ते मला आजही सांगता येणार नाही. ऊन नव्हते आणि पाऊसही नव्हता.

आतून तिचा आवाज आला, हळू, स्वतःशीच: “शेवटची ओल. शेवटची ओल आधी.” मी कन्येच्या गुडघ्यावर थाप मारली. थोड्या वेळाने आतून पुटपुटणे आले: “नामंजुरीची नामंजुरी.” मी छत्री उघडली आणि पुन्हा मिटली.

मग एक बारीक आवाज आला. टिकली काचेवरून निघताना जो चिकट, टपकन आवाज होतो तो.

“काढली,” मी म्हणालो.

“काढली,” कन्या म्हणाली.

त्यानंतर माऊसच्या टिचक्या सुरू झाल्या. मधेच थांबत, मधेच दोन टिचक्या लागोपाठ, आणि प्रत्येक टिचकीला मला दिसत होते की माझ्या पत्नीने स्वतःच्या नावावर लिहून दिले: माहीत नाही. माहीत नाही. मी ठाण्याच्या बसच्या वेळा मनात आठवू लागलो. डबे कोण करील याचा विचार करू लागलो. भात मला येतो, वरणही कदाचित, पोळीचे काय?

दार उघडले. ती उंबऱ्यात उभी राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना, आणि तीस वर्षे चेहरे वाचणाऱ्या माणसाला ते कळेना म्हणजे काय असेल ते वाचकांनी समजावे.

“तुमी वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं. साहेबापुढं वाचता तसं.”

मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि पडद्यासमोर उभा राहून वाचले: “उमेदवाराची शिफारस खालील वर्गासाठी करण्यात येत आहे. वाणिज्य, प्रथम वर्ष. रविवार सत्र. नवीन पनवेल.”

“परत,” पत्नी म्हणाली. या वेळी त्या शब्दावर तिचा आवाज खाली गेला नाही.

मी परत वाचले. कन्या तिसऱ्यांदा वाचायला लागली तेव्हा पत्नीने तिला मधेच उचलून घेतले. एवढी घोडी मुलगी, आणि दोघी ओट्यावर आदळल्या. पातेल्याचे झाकण पडले व शेजारची बाई काय झाले म्हणून धावत आली. मी तिला निकाल पुन्हा वाचून दाखवला, ‘उमेदवाराची’ या शब्दापासून.

मी कामावर परत निघालो तेव्हा पत्नी दारात आली. “जरा थांबा,” म्हणाली, आणि बोटावरची ती लाल टिकली तिने माझ्या कपाळावर दाबून बसवली. “देवीचं बटन. आता हिंडा गावभर.”

मला वाटले दारातून गेल्यावर काढू. मग वाटले रिक्षातून उतरल्यावर काढू. कचेरीच्या शेडमध्ये पोचल्यावर स्टॅम्पविक्रेता, ज्याला चाचणीचे सारे मी रोज ऐकवत असे, माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला.

“काय हो काका,” तो म्हणाला, “पास काकू झाल्या की तुम्ही?”

मी यंत्रात कोरा कागद चढवला. समोर एक म्हातारबुवा अर्जासाठी येऊन बसले होते आणि तेही माझ्या कपाळाकडेच पाहत होते. मी त्यांना आधी सगळे प्रकरण सांगितले, अगदी टाकीच्या अर्जापासून. टिकली मी संध्याकाळी घरी जाईपर्यंत काढली नाही.