पालथी फळी

कॅडॉक गावात आता कुणी राहत नाही. खाणीतली चांदी संपली, खाणीचा दगड दळायची गिरणी बंद पडली, माणसं चंबूगबाळं आवरून निघून गेली आणि मागे राहिलेली लाकडी घरं नेवाडा राज्याने वारसा म्हणून ताब्यात घेतली. मी तिथला सुतार. सुतार म्हणजे काय, तर नवं काही करायचं नाही आणि जुनं पडू द्यायचं नाही. भिंत कलली असेल तर कललेलीच ठेवायची, फक्त आतून टेकू द्यायचा. ताबा घेतला तेव्हा राज्याच्या माणसाने घरन्‌घर फिरून सगळ्याचे फोटो काढले होते. त्या फोटोत जे जसं आहे ते तसंच राहिलं पाहिजे, हा आमचा धर्म. एकदा वादळात शाळेच्या फुटक्या खिडकीतली उरलीसुरली काच पडली, तर मी अख्खी काच आणून ती फोटोबरहुकूम फोडून बसवली. माझी बायको आठवडाभर हसत होती.

आर्लीन उर्रुतिया ही या गावाची राखणदार. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, उंच, हाडं दिसणारी बाई. आमच्या सगळ्यांत कॅडॉकमध्ये खरोखर संसार केलेली ती एकटीच. तिचं स्वतःचं स्वयंपाकघर पर्यटक खिडकीला नाक लावून बघायचे. ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन शेजारून जायची, पण मान वळवायची नाही. बोलण्याचा तिला कंटाळा होता असं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, सरळ, थंड, हवामान सांगावं तसं.

गावामागच्या टेकाडावर स्मशान आहे. तिथे दगडाची थडगी दोन-चार श्रीमंतांची, बाकी सगळ्या लाकडी फळ्या, रंगाने नाव लिहिलेल्या. कुंपणाजवळ एका चिमुकल्या कबरीभोवती दगड रचलेले आहेत आणि त्या दगडांवर एक जाड फळी पालथी पडलेली आहे. ती आर्लीनच्या मुलीची, माइतेची. चार वर्षांची होती. ताप मेंदूत गेला.

ही हकीकत मला तिने एकदाच सांगितली, डबा खाता खाता. कबर झाल्यावर काही वर्षांनी वसंतातल्या वाऱ्याने फळी मुळाशी मोडून पडली. नवरा, फर्मिन, म्हणाला, रविवारी उभी करू. शुक्रवारी फोटोवाला आला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? फोटोत पडलेली आली. पडलेलीच राहिली."

"अगं, पण तू सांगायचंस ना त्यांना."

"सांगितलं. तेव्हाचा साहेब म्हणाला, एकीची उभी केली की उद्या दुसरा येईल, घराला रंग द्यायचाय म्हणून." तिने पावात सॉसेज घातलं. "खरंच होतं त्याचं."

"डोंबलाचं खरं! आणि वर त्यांचीच नोकरी धरलीस."

"दुसऱ्या कुणी धरली असती, तर रोज वर जायला मला तिकीट काढावं लागलं असतं."

मी डबा झाकून ठेवला. ती मात्र शेवटपर्यंत जेवली आणि कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली.

फर्मिन पुढे तांब्याच्या खाणीवर कामाला गेला, तिकडेच वारला. आर्लीन राहिली. रोज संध्याकाळी गाव बंद करताना टेकाडावर चक्कर मारायची, कुंपण बघायची, फळीपाशी जरा थांबायची आणि खाली यायची. फळीला तिने कधी बोट लावलं नाही. मीही नाही. आमच्यातल्या कुणालाच खालच्या बाजूला काय उरलंय ते ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात ओहायोहून आलेले एक सद्‌गृहस्थ ती फळी उभी करायला वाकले. आर्लीन मागून म्हणाली, "हात लावू नका."

"अहो, पण लहान मुलाची दिसतेय. बघवत नाही."

"मुलीची आहे. वस्तू हलवायच्या नाहीत. खाली पाटी लावलीय."

ते ओशाळले. "घरचं कुणी उरलं नसेल बिचारीचं."

"असेल कुठेतरी," आर्लीन म्हणाली, आणि त्यांना शाळेकडे जायची वाट दाखवली.

मी कुंपणाचा खांब ठोकत होतो. त्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त आर्लीनला गदागदा हलवावंसं वाटलं. इतकं कोरडं कुणी असू नये.

तिच्या निवृत्तीचा शरद ऋतू आला तेव्हा राज्याच्या कार्सन सिटीतल्या कचेरीत नवी बाई आली होती, कॉलीन पॅक्स्टन. मी आर्लीनला न विचारता तिला सगळं सांगून टाकलं. पोरगी माणसातली निघाली. म्हणाली, "आई हयात आहे आणि तुम्ही सगळे फोटो सांभाळत बसलात? उभी करा ती फळी. वरच्यांशी मी बोलते." आठवड्यात मंजुरी आली.

मी धावतच आर्लीनकडे गेलो. ती गिरणीच्या दाराला कुलूप घालत होती.

"फळी उभी करायची परवानगी मिळाली."

"कुणी मागितली?"

"मी. रागावलीस?"

"नाही." तिने कुलूप ओढून पाहिलं. "मला आनंद व्हायला पाहिजे ना आता?"

"झाला नाही का?"

"बघते. होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. मी पहार, नवा खुंट, खिळे असं सगळं खांद्यावर घेतलं होतं. आर्लीन हात कोटाच्या खिशात घालून चालत होती. फळीखाली मी बोटं घातली. इतकी वर्षं पडून ती दगडांना चिकटली असेल असं वाटलं होतं, पण आमच्याकडची हवा कोरडी, अलगद सुटली. कडेवर उभी करून मी तिच्याकडे वळवली आणि मग स्वतः वाकून पाहिलं.

काळ्या रंगातलं नाव जसंच्या तसं होतं. माइते उर्रुतिया. खाली साल, आणि कोपऱ्यात फर्मिनने काढलेलं एक कोकरू, चार पाय वेगवेगळ्या लांबीचे. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

आर्लीनने मान उचलून आजूबाजूला पाहिलं. मीही पाहिलं. रोज बघत होतो, पण तेव्हाच ध्यानात आलं. टेकाडावर उभ्या असलेल्या सगळ्या फळ्या कोऱ्या होत्या. उन्हाने आणि वाऱ्यातल्या वाळूने एकीवरही अक्षर ठेवलं नव्हतं.

"उभी केली तर किती टिकेल?" तिने विचारलं.

मला खोटं बोलायचं होतं. "वार्निश मारू. वर छोटं छप्पर करू."

"छपराची परवानगी नाही. किती?"

"पाच वर्षं. फार तर सहा."

"आणि पालथी ठेवली तर?"

मी त्या काळ्याभोर अक्षरांकडे पाहिलं.

"ठेव मग," ती म्हणाली.

"आर्लीन, अगं, तू उद्यापासून येणार नाहीस. आयुष्यभर थांबलीस यासाठी."

"ती उभी बघून मी काय करू? नाव राहू दे."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कुलूप लागलंय असं सांगावं तसा. मला रडू आलं आणि लाज वाटली, कारण जिचं दुःख होतं तिचे डोळे कोरडे होते. मी नाक पुसलं आणि फळी हळूहळू दगडांकडे कलती करू लागलो.

"थांब जरा."

मी थांबलो. फळी अर्धवट तिरपी, सगळं वजन माझ्या मनगटांवर. तिने खिशातून हात काढला, खाली बसली आणि कोकराच्या सगळ्यात आखूड पायावर बोट ठेवलं.

"तिला हा आवडला नसता," ती म्हणाली. "तिने बापाला तो पुन्हा काढायला लावला असता."

मग कितीतरी वेळ तिचं बोट त्या पायावरच होतं. माझे हात भरून आले, बोटांतली जाणीव गेली. खाली गावात पहिली गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

"ठेवू?" मी विचारलं.

"अजून थोडा वेळ धर," ती म्हणाली, आणि मी धरून राहिलो.