टॉकीजची हवा

पुणे सोडताना हेमचंद्राच्या हाती मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. संगमनेरात त्याचा उपयोग चहा आला की ड्रॉइंगवर झाकण म्हणून होई. १९४६ साली तो नृसिंहराव इंजिनिअरांकडे बिनपगारी उमेदवारी करत होता. नृसिंहराव सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते. आपण निवृत्त झालो हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं, एवढंच.

विडीचे व्यापारी पुंजाराम शेठ टॉकीज बांधत होते. आत हवा खेळती हवी, म्हणून नृसिंहरावांनी पश्चिमेच्या भिंतीत, ऑइल इंजिनावर पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा ड्रॉइंगमध्ये दाखवला. तो बाहेरची हवा आत ढकलणार होता. त्या भिंतीला लागूनच शेठचं तंबाखूचं गोदाम होतं.

तंबाखू चाळणाऱ्या लंकाबाईने हेमचंद्राला आधीच विचारलं होतं, "सायेब, आमच्या गोदामातलं वारं पिच्चर बघायला नेता व्हय?"

त्याने भीतभीत विषय काढला. "रावसाहेब, पंखा तंबाखूची धूळ आत ओढेल."

"तुझ्या कॉलेजात धुळीचा पेपर असतो का रे?" नृसिंहरावांनी सही ठोकली.

उद्घाटनाला मामलेदार पहिल्या रांगेत होते. पडद्यावर नायिका नवऱ्याच्या प्रेताशी रडू लागली, बाहेर इंजिन सुरू झालं आणि मामलेदारांना शिंक आली. मग त्यांच्या सौभाग्यवतींना. मग साऱ्या थिएटरला. इतका मनापासून प्रतिसाद त्या नायिकेला दुसरीकडे कुठे मिळाला नसेल.

शेठ ओरडले, "नृसिंहराव, हे काय हुतंय?"

नृसिंहराव रुमाल शोधत होते. हेमचंद्र मात्र बाहेर धावला. त्याने इंजिन थांबवलं, पट्टा उतरवला आणि त्याला एक पीळ देऊन उलटा चढवला. पंखा विरुद्ध दिशेने फिरू लागला. आतली हवा बाहेर पडू लागली आणि प्रवरा नदीकडच्या खिडक्यांतून, काळ्या पडद्यांमागून, ताजी हवा आत आली. नायिका निवांत रडली.

दुसऱ्या दिवशी नृसिंहराव शेठना समजावत होते, "ही दुहेरी योजना. आधी धूळ हलवायची, मग काढायची." मूळ ड्रॉइंगवर त्यांनी एक बाण उलटा करून पुन्हा सही केली. हेमचंद्राला दाखला दिला: 'आज्ञाधारक. वाऱ्याविषयी फाजील कुतूहल.'

दाखला घेऊन निघाला, तर गोदामाच्या दारात लंकाबाई भेटली. "पिच्चरवाल्यांच्या शिंका गेल्या. आमी दिसभर शिंकतो, त्याचं काय?"

तो परत शेठकडे गेला. शेठ म्हणाले, "बायांना सवय हाय."

"असेल," हेमचंद्र म्हणाला. "पण त्यांच्या नाकात जाते ती तुमचीच तंबाखू."

शेठ एकदम गंभीर झाले. बायांबद्दलची त्यांची कळकळ त्या क्षणी जागी झाली. आठवड्यात गोदामाच्या आढ्याची कौलं वर उचलून धुळीला वाट केली आणि रस्त्याकडे खाली खिडक्या पाडल्या. ते ड्रॉइंग हेमचंद्राचं होतं. सही त्याने आधी कोऱ्या कागदावर करून पाहिली. सहीची सवयच नव्हती.

लंकाबाई म्हणाली, "लई बरं झालं. रस्ता बी दिसतो. फकस्त मुकादम म्हनतो, बघायचं न्हाई."

संगमनेरात आल्यापासून हेमचंद्र पहिल्यांदाच मोठ्याने हसला. मग मुकादमाला शोधायला आत गेला.